ताईला बसता येईल अशी स्पोर्ट्स कार

माझे भावोजी स्वयंपाकघरातली कपाटं बनवतात. वर्कशॉपमधली माणसं त्यांच्या पाठीमागे त्यांना ‘गुण्या’ म्हणतात. गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं सुतारांचं हत्यार. हे नाव भावोजींच्या कानावर गेलेलं आहे आणि त्यांना त्याचा राग येत नाही, उलट मनातून बरंच वाटत असावं. एखाद्या घराची भिंत वाकडी निघाली तर ते घरमालकाशी भांडत नाहीत, भिंतीशी अबोला धरतात. जेवायला बसले की आधी चमचा टेबलाच्या कडेला समांतर करून घेतात. दोनदा मापा आणि एकदा कापा, असं सगळेच सुतार म्हणतात. भावोजी चारदा मापतात, घरी येतात, आणि सकाळी जाऊन पुन्हा मापतात. पण एकदा पेन्सिलीची रेघ पडली की ती काळ्या दगडावरची रेघ. मग प्रत्यक्ष ब्रह्मदेव खाली उतरला तरी ती हलत नाही.

माझी ताई बरोबर उलटी. ती शाळेत खेळाची बाई होती. गळ्यात शिट्टी आणि पायांत कायम धावायचे बूट. लहानपणी तिच्यामागे धावून धावून मला दम्याचा संशय यायला लागला होता. गाडी चालवायला बसली की तिच्या अंगात यायचं. मी टॅक्सी चालवतो, माझं पोट त्यावर आहे, पण तिच्या शेजारी बसलो की मी दाराची मूठ धरून देवाचं नाव घ्यायचो. आणि एवढ्या वेगवान बाईच्या नशिबी गाडी कुठली, तर भावोजींची माल वाहायची व्हॅन. मागे प्लायवुड आणि लॅमिनेटचे तक्ते, पुढे ही दोघं. चाळीसच्या वर गेली की व्हॅन थरथरायची आणि भावोजी म्हणायचे, “अगं हळू, कडा तुटतील.”

मग एकदा शाळेच्या जिन्यात ताईचा पाय उचललाच गेला नाही. पाय मुरगळला असेल म्हणून सगळ्यांनी मलम सुचवलं. पुढे हातातून शिट्टी पडायला लागली. बऱ्याच तपासण्यांनंतर डॉक्टरांनी सांगितलं की स्नायू हळूहळू काम सोडत जाणार, आणि यावर औषध नाही. किती हळूहळू, हे त्यांनाही सांगता येत नव्हतं. भावोजींनी दोनदा विचारलं, “म्हणजे साधारण किती?” डॉक्टर म्हणाले, “प्रत्येकाचं वेगळं असतं.” भावोजींचा चेहरा वाकडी भिंत पाहिल्यासारखा झाला.

दवाखान्यातून खाली आल्यावर ताई व्हॅनपाशी उभी राहिली. मीही बरोबर होतो. ती दार उघडेना.

“यात नाही बसायचं मला,” ती म्हणाली. “आयुष्यभर तुमच्या फळ्यांना सांभाळत बसले. आता मला स्पोर्ट्स कार पाहिजे.”

मला हसू आलं. भावोजींना आलं नाही. ते म्हणाले, “घेऊ. पण रोज वापरता येईल अशी घ्यायची. रविवारी फडकं मारून ठेवायची शोभेची वस्तू नाही. रोज तू तिच्यात बसणार, रोज आपण जाणार.”

ताईने त्यांच्याकडे पाहिलं. एवढं वय होऊन ती लग्नातल्यासारखी लाजली, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. मग ती गुपचूप व्हॅनमध्ये बसली.

तिथून आमची वरात शोरूममागून शोरूम फिरायला लागली. गाड्यांतला जाणकार म्हणून मला बरोबर घ्यायचे, आणि माझं एकही ऐकायचे नाहीत. मी आपला उंटावरचा शहाणा. गाडी म्हणजे माझ्या लेखी चार चाकं आणि पाठदुखी. मी सांगायचो, “भावोजी, नाकापेक्षा मोती जड होईल. चार दारांची, जरा उंच गाडी घ्या, ताई उभ्याउभ्या आत बसेल.” भावोजी म्हणायचे, “तिला काय पाहिजे ते ठरलंय. आपण फक्त कसं ते बघायचं.”

कसं ते बघायला ते टेप, गुण्या आणि सपाटी तपासायची पाणसळ घेऊन जायचे. सेल्समन बिचारे पाठ करून आलेले असायचे. किती सेकंदांत शंभर गाठते, किती अश्वशक्ती, वळणावर कशी चिकटून राहते. भावोजी गाडीच्या दाराशी गुडघ्यावर बसून विचारायचे, “जमिनीपासून सीट किती वर? दार पूर्ण उघडल्यावर फट किती? आणि हा उंबरठा एवढा रुंद का?” दाराखालची जी पट्टी ओलांडून आत जायचं तिला ते उंबरठाच म्हणायचे. एका सेल्समनने चार वेळा इंजिनाचं झाकण उघडून दाखवलं, शेवटी तोच कंटाळून टेपचं दुसरं टोक धरून बसला.

तरी मला मान्य करायला हवं की माणसाने एकही बाब सोडली नाही. त्यांच्या इमारतीच्या तळघराचा उतार मापला, गाडीचं पोट घासेल का ते बघायला. रस्त्यावरचे सगळे गतिरोधक पालथे घातले. टायर पातळ असले की दणके थेट पाठीत बसतात, म्हणून एक गाडी बाद. मागचं काही दिसत नाही म्हणून दुसरी बाद. डिकीत घडीची व्हीलचेअर मावत नाही म्हणून तिसरी. दोन दारांच्या गाडीचं दार लांब असतं, पार्किंगच्या खांबाला आपटून ते अर्धंच उघडेल, हे त्यांच्या लक्षात आलं. मग त्याच इमारतीत राहणाऱ्या चष्मेवाल्याला गाठून त्यांनी त्याची कोपऱ्यातली ऐसपैस जागा मागून घेतली आणि बदल्यात त्याला चपलांचं कपाट करून दिलं. चष्मेवाला मला म्हणाला, “तुमचे भावोजी गाडी घेतायत की विमान?”

ताई मजेत होती. प्रत्येक गाडीत बसायची, आरशात बघायची, उतरायची. एका ठिकाणी चार दारांची, स्पोर्ट्स म्हणून विकायला ठेवलेली गाडी मी मुद्दाम पुढे केली. सीट उंच, दारं रुंद, सगळं तिच्या सोयीचं. ताई आत बसली, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाली, “ही आपली व्हॅनच आहे. नुसती बारीक झालीय.” संपला विषय. मी चिडून दोन दिवस त्यांच्याकडे गेलो नाही.

शेवटी मन बसलं ते एका हिरव्या गाडीवर. दोन दारं, दोन सीटं, वर पक्कं छप्पर, डिकी बऱ्यापैकी, आणि चालवायला शहाणी. गतिरोधकावरून तिला न्यावं तर कुरकुर नाही. रोजच्या वापराला याहून चांगली स्पोर्ट्स कार मिळणार नाही, हे मलाही नाइलाजाने कबूल करावं लागलं. एकच गोष्ट आड येत होती, सीट फार खाली. कंपनीवाले म्हणाले, ऑर्डर देऊन सीट उंच करून मिळेल, पण माप द्यावं लागेल आणि थांबावं लागेल.

माप म्हटल्यावर भावोजींच्या अंगात बळ आलं. त्यांनी दिवाणखान्यातला सोफा भिंतीला लावला आणि मधोमध प्लायवुडची अर्धी गाडी उभी केली. खरंच सांगतो. उंबरठा, दाराची चौकट, छपराची कड, बिजागरीवर फिरणारं दार, आणि आत भंगारातून आणलेलं सीट, खाली फळ्या सरकवून वरखाली करता येईल असं. ताईने रोज त्यात बसायचं आणि उतरायचं. आधी पाठ वळवायची, हळूच टेकायचं, मग एकेक पाय हाताने उचलून आत घ्यायचा. भावोजी बाजूला पेन्सिल कानावर ठेवून उभे. “एक फळी काढू? आता? आता कसं वाटतंय?”

तिला व्यायाम द्यायला एक फिजिओथेरपिस्ट येत असे. खणखणीत आवाजाची मुलगी, ताई तिला ‘हवालदार’ म्हणायची. जन्मभर दुसऱ्यांना कवायत करायला लावली, आता माझ्यावर पाळी आली, असं म्हणून हसायची. हवालदारने ती प्लायवुडची गाडी पाहिली आणि आधी कपाळाला हात लावला. मग म्हणाली, “माझ्या सगळ्या व्यायामांपेक्षा ताई यातच जास्त मन लावतात. राहू द्या.”

आणि एका सकाळी ताई कुणाचा हात न धरता आत बसली, दार ओढून घेतलं आणि तोंडाने गाडीचा आवाज काढला. मग तशीच बाहेर आली. भावोजींनी त्या उंचीवर रेघ मारली. पुन्हा मापलं. पुन्हा पुन्हा मापलं. एक सूतही इकडे तिकडे नाही. त्याच दिवशी त्यांनी ऑर्डर दिली.

इथेच सगळं चुकलं, आणि ही चूक करावी तर भावोजींसारख्या माणसानेच. भिंतीचं माप घेतलं की ओटा बनेपर्यंत भिंत वाट बघते. त्यांच्या सगळ्या धंद्यात मापलेली वस्तू कधी मापानंतर बदललेली नव्हती. त्यांनी ताईचं माप घेतलं होतं. आता फक्त गाडी यायची बाकी होती. प्लायवुडची गाडी त्यांनी खोलून वर्कशॉपला नेली, कारण काम झालं होतं.

गाडी येता येईना. कधी रंग तयार नव्हता, कधी जहाज उशिरा निघालं होतं. शोरूममधली मुलगी फोनवर इतकं गोड बोलायची की भावोजी तिच्यावर चिडूही शकत नव्हते. आणि इकडे ताई खालावत चालली होती. आधी काठी आली, मग चार पायांचा आधार, मग डिकीत मावते की नाही म्हणून जी घडीची व्हीलचेअर मापली होती ती डिकीत जायच्या आधीच घरात उघडली गेली. दिवाणखान्यात जिथे गाडी उभी होती तिथे पलंग आला. मी गेलो की ती कप दोन्ही हातांनी धरायची. नंतर कप मी धरायला लागलो.

मला राहवलं नाही. एकदा मी भावोजींना वर्कशॉपमध्ये गाठलं. ते एका फळीला रंधा मारत होते.

“भावोजी, पुन्हा एकदा माप घेऊ या ना.”

“घेतलंय.”

“ते तेव्हाचं झालं. आता तिचा पाय पलंगावरून खाली घ्यायला मला वाकावं लागतं. अजून ऑर्डर बदलता येईल. ती उंचवाली घेऊ. तुम्ही म्हणाल तर मी बोलतो ताईशी.”

“माप घेतलंय,” ते म्हणाले. रंधा थांबला नाही. फळी केव्हाच गुळगुळीत झाली होती, तरी ते मारतच राहिले. मी तावातावाने बोलायला गेलो होतो, तो तसाच परत आलो. त्या माणसाला सगळं दिसत होतं. माझ्यापेक्षा जास्त दिसत होतं. रोज तिला उचलून कोण बसवत होतं? पण पुन्हा टेप लावायचा म्हणजे किती कमी झालं ते स्वतःच्या हाताने मोजायचं. ते त्यांच्याने होणार नव्हतं, आणि माझ्याकडे त्यावर काही इलाज नव्हता. मला त्यांचा राग आला होता आणि रडूही येत होतं.

ताईला विचारलं तर ती म्हणाली, “येऊ दे रे गाडी. घोडामैदान जवळच आहे.” सुंभ जळला तरी पीळ जात नाही, त्यातली ती.

अखेर गाडी आली. तळघरातल्या त्या कोपऱ्यातल्या ऐसपैस जागेत उभी राहिली. काय सुंदर दिसत होती म्हणून सांगू! दार सबंध उघडलं, खांब कुठेही आड आला नाही. सीट रेघेबरहुकूम, एक सूत इकडे तिकडे नाही. भावोजींनी तरीही हात लावून पाहिलं. ताईला आम्ही लिफ्टने खाली आणलं. तिने केस विंचरून घेतले होते आणि गळ्यात शिट्टी घातली होती.

“पाठ वळव,” भावोजी म्हणाले. सवयीने.

ताई खुर्चीत बसून त्यांच्याकडे बघत राहिली. “अहो, मला उभं राहता येत नाही,” ती शांतपणे म्हणाली. जणू ही गोष्ट त्यांना कुणी सांगायचीच राहिली होती.

भावोजी हातातल्या किल्लीकडे बघत उभे राहिले. मीच म्हणालो, “परत जाऊ या वर. मी माझी टॅक्सी आणतो, तिच्यात नीट बसेल.” तर ताई माझ्यावर खेकसली, “तुझ्या टॅक्सीत मेल्यावर बसेन. घाला मला यात.”

घातली. मी मागून काखेत हात घालून तिला उचललं, भावोजी पलीकडच्या दाराने आत रांगत गेले आणि त्यांनी पाय ओढून घेतले. तिचं डोकं छपराच्या कडेला लागलं. पाय उंबरठ्यात अडकला, सुटला. शेवटी ती धपकन सीटवर बसली आणि आम्ही तिघंही घामाघूम. पट्टा लावला. तिने डोळे मिटले, आणि इंजिन सुरू झालं तेव्हा उघडले. दोन सीटांच्या गाडीत मला जागा नव्हतीच. उतारावरून ती दोघं वर उजेडात गेली, पोट कुठे घासलं नाही, आणि मी रिकामी व्हीलचेअर धरून इमारतीच्या फाटकाशी येऊन उभा राहिलो.

बऱ्याच वेळाने ती दोघं परत आली. ताईचे केस विसकटले होते आणि चेहरा असा झाला होता की तो मी कित्येक महिन्यांत पाहिलेला नव्हता. “अरे, यांनी गाडी पळवली!” ती मला ओरडून सांगायला लागली. “हायवेला पळवली! एवढ्या वर्षांत मला माहीतच नव्हतं!” भावोजी लाल झाले होते. गाडी खाली तळघरात लागल्यावर मी म्हणालो, चला, आता उतरवू.

आत घालताना वजन आपल्या बाजूने असतं, हे मला तेव्हा कळलं. बाहेर काढताना ते सगळं विरुद्ध जातं. मी वाकून काखेत हात घातले आणि ओढलं, तर ताई अशी किंचाळली की मी हात सोडून दिले. खांदा निसटतो की काय असं वाटलं. भावोजींनी पलीकडून ढकलून पाहिलं. सीट मागे नेलं, पाठ आडवी केली, चादर आणून तिच्याखाली सरकवायचा प्रयत्न केला. दारात एकाच माणसाला जागा आणि त्या एकालाही सरळ उभं राहता येत नाही. चष्मेवाला मदतीला आला आणि गाडीभोवती फिरून गेला. तिला दुखत होतं, ती ओठ दाबून धरत होती, आणि तरी आम्ही ओशाळू नये म्हणून मधूनमधून हसत होती. ते हसू मला बघवेना.

मी हवालदारला फोन लावला. ती फोनवरच ओरडली, “कुणीही ओढायचं नाही! खांदा जाईल. मी दोन माणसं आणि पट्टे घेऊन येते. शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे, वेळ लागेल.”

मी ते सांगितलं. भावोजी गाडीच्या दाराशी गुडघ्यावर बसले. एवढे महिने शोरूममध्ये बसायचे तसेच, पण हातात टेप नव्हता. तिच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, “चुकलं गं माझं माप.”

“माप नाही चुकलं,” ताई म्हणाली. “मीच हलले.” मग म्हणाली, “मान अवघडलीय हो. नुसतं या तळघरात बसून काय करायचं? एक चक्कर मारून येऊ.”

भावोजींनी माझ्याकडे पाहिलं. ते उठले, दार हलक्या हाताने लावलं, पलीकडे जाऊन बसले. मी पुन्हा फाटकाशी आलो. गाडी वळसा घालून समोरून आली, वेग कमी झाला, भावोजींनी भुवया उंचावून विचारलं, आली का? मी मान हलवली, नाही. ती पुढे गेली. पुन्हा आली. पुन्हा मी मान हलवली. शाळेतून घरी चाललेली मुलं थांबून बघायला लागली. कुणीतरी ताईला ओळखलं, “बाई! बाई!” म्हणून हाका मारल्या, आणि आतून शिट्टीचा आवाज आला, भावोजींनी ती तिच्या ओठांशी धरली असावी. लहानसाच आला, तिच्या छातीत तेवढाच श्वास होता, पण आला.

पुढच्या खेपेला गाडी माझ्याजवळ थांबली. काच खाली झाली.

“काही सुचलं का?” भावोजींनी विचारलं.

“नाही. हवालदार निघालीय. अजून वेळ आहे.”

पलीकडून ताई म्हणाली, “असू दे वेळ. चला तुम्ही.”

गाडी निघाली. तिला दुखत असणार, हे मला माहीत होतं, आणि यानंतर तिला या गाडीत कुणी बसू देणार नाही, हेही माहीत होतं. त्या दोघांनाही माहीत होतं. मी व्हीलचेअर धरून रस्त्याच्या त्या टोकाकडे बघत राहिलो, जिकडून हवालदार यायची होती, आणि मनात म्हणत होतो, बाई गं, इतक्यात येऊ नकोस.